आरव्हीतला संसार: काय न्यावं, कुठे ठेवावं

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आरव्हीच्या (रिक्रिएशनल व्हेइकल, म्हणजे चाकांवरचं घर) दारापाशी एक लहानसं लेबल चिकटवलेलं असतं. या गाडीत सामानाचं वजन अमुक पौंडांच्या वर जाता कामा नये, एवढंच त्यावर छापलेलं असतं. मोटरहोम असेल तर त्या आकड्यात आत बसणारी माणसंही धरलेली असतात. आरव्हीसाठी काय विकत घ्यावं आणि ते कुठे कसं बसवावं, याबद्दल दुकानांचे कॅटलॉग पानंच्या पानं सांगत राहतात. त्या लेबलाची आठवण फार थोडे जण करून देतात. माझ्या मते या विषयाला हात घालायचा तो तिथूनच. घरात सामान किती ठेवायचं हे जागेवर ठरतं, आरव्हीत ते वजनावर ठरतं. कप्पा रिकामा दिसतोय म्हणून तो भरायचा, ही घरची सवय इथे महागात पडते.

१९५४ साली आलेल्या ‘द लाँग, लाँग ट्रेलर’ या चित्रपटात ल्युसील बॉल आणि देसी अर्नाझ यांचं नवं जोडपं एक लांबलचक ट्रेलर घेऊन देश बघायला निघतं. नायिका वाटेत जिथे जिथे आवडेल तिथला दगड उचलून आणते. टाकून दे म्हटलं तरी लपवून ठेवते. मग घाटरस्ता येतो आणि त्या दगडांचं वजन दोघांच्या जिवावर बेततं. दिग्दर्शक व्हिन्सेंटी मिनेलीने हे विनोदाच्या अंगाने दाखवलं आहे, पण त्यातलं गणित अगदी खरं आहे.

ते गणित एकदा मांडून बघू. भाड्याने मिळणाऱ्या मोटरहोम बहुतेक ‘क्लास सी’ जातीच्या असतात: पुढे ट्रकसारखी केबिन, केबिनच्या डोक्यावर एक बिछाना आणि मागे घर. समजा, अशा गाडीच्या लेबलावर १५०० पौंड लिहिलं आहे. मे-जूनमध्ये भारतातून आई-बाबा आलेले, घरचे चौघे, असे सहा जण मिळून ८५० पौंड झाले. पाण्याचं एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास, ८.३४ पौंड भरतं. ३५ गॅलनची टाकी तुडुंब भरली की आणखी २९० पौंड. उरले ३६०, म्हणजे जेमतेम १६३ किलो. त्यात कपडे, अंथरुणं, भांडी, किराणा, खुर्च्या, मुलांच्या सायकली आणि बरोबर नेऊ म्हटलेलं प्रत्येक साधन. म्हणून साधन विकत घेताना एक प्रश्न किमतीच्याही आधी विचारावा: याच्यावाचून गाडीचं किंवा माणसाचं काही बिघडेल का? ज्याचं उत्तर ‘हो’ येतं ते आधी घ्यावं. बाकीचं पहिली सहल झाल्यावर. शंका वाटली तर हमरस्त्यावरच्या ट्रक-थांब्यांवर ‘कॅट स्केल’चे वजनकाटे असतात. तिथे भरलेली गाडी उभी करून वजनाची पावती घेता येते, आणि आरव्ही नेणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी ती घ्यावी.

गाडीमागे जोडून न्यायचा ट्रेलर असेल तर वजन किती याइतकंच ते कुठे आहे यालाही महत्त्व येतं. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडावर पडायला हवा. जड सामान मागच्या टोकाला गेलं की पुढचा भार हलका होतो आणि वेग घेतल्यावर ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो. एकदा तो जोरात झुलायला लागला की चालकाच्या हातात फारसं काही राहत नाही. मागच्या बंपरवर सायकलींचा स्टँड बसवणं म्हणूनच दिसतं तितकं साधं नाही. अनेक ट्रेलरांचा तो चौकोनी, पोकळ बंपर फक्त सांडपाण्याची नळी आत सरकवून ठेवण्यापुरता असतो, आणि बनवणारेच त्यावर भार टाकायला मनाई करतात. स्टँड दुकानात मिळतो म्हणजे तो आपल्या गाडीला चालेल, असा अर्थ काढू नये.

आता कॅम्पग्राऊंडवर पोचल्यावर लागणाऱ्या वस्तू. ‘हुकअप’ म्हणतात ते तीन जोड: वीज, पाणी आणि सांडपाणी. साधनांवर खर्च करायचा तो पहिल्यांदा इथे, असं मी ठामपणे म्हणेन.

विजेच्या खांबाला अमेरिकेत ‘पेडेस्टल’ म्हणतात. लहान आणि मध्यम गाड्या ३० अँपिअरच्या जोडावर चालतात: १२० व्होल्टला ३० अँपिअर म्हणजे ३६०० वॅट, त्यापुढे नाही. छतावरचा एसी दीड हजार वॅटच्या घरात घेतो, विजेची किटली तेवढेच, इन्स्टंट पॉट हजार. तिन्ही एकदम लावले की ब्रेकर पडलाच. मोठ्या गाड्यांच्या ५० अँपिअरच्या जोडात १२० व्होल्टच्या दोन तारा असल्यामुळे तिथे १२,००० वॅटपर्यंत जाता येतं. एक साइझ दुसरीला जोडणारा आखूड अडॅप्टर मिळतो, त्याला तिथले लोक ‘डॉगबोन’ म्हणतात. तो जवळ असावा. मात्र ३० अँपिअरच्या खांबाला ५० ची गाडी जोडली तर मिळते ती ३० अँपिअरचीच वीज.

खरा धोका वीज कमी पडण्याचा नसून चुकीची येण्याचा आहे. जुन्या कॅम्पग्राऊंडवर खांबातली जोडणी सैल झालेली असते, न्यूट्रल तुटलेली असते. भर उन्हाळ्यात सगळ्यांचे एसी एकदम चालू झाले की व्होल्टेज खाली येतं, कॉम्प्रेसर जास्त विद्युतप्रवाह ओढतो आणि तापून जळतो. घरी अंगणात आरव्हीसाठी जोड बसवून घेताना कधी कधी इलेक्ट्रिशियन ३० अँपिअरचा सॉकेट पाहून कपडे वाळवायच्या यंत्राचा समजतो आणि त्यात २४० व्होल्ट देतो. मग गाडीतली उपकरणं क्षणात जातात. यावर उपाय म्हणजे ‘ईएमएस’ नावाची पेटी. खांब आणि गाडीची वायर यांच्या मधे ती बसते, आधी जोडणी तपासते, आणि व्होल्टेज फार खाली-वर गेलं की वीज तोडून टाकते. ‘सर्ज प्रोटेक्टर’ नावाने मिळणारी स्वस्त वस्तू नुसते विजेचे झटके अडवते; कमी व्होल्टेजपुढे तिचं काही चालत नाही. दोन्ही डब्या दिसायला सारख्याच, म्हणून घेताना वेष्टणावरचं नीट वाचावं. किंमत काहीशे डॉलरच्या घरात जाते, आणि या लेखातल्या सगळ्या वस्तूंत मी हिला पहिला नंबर देईन.

पाण्याच्या जोडाला लागणारी वस्तू त्या मानाने फारच स्वस्त: पितळी प्रेशर रेग्युलेटर. कॅम्पग्राऊंडच्या नळाला दाब किती असेल याचा भरवसा नसतो, आणि गाडीतले प्लास्टिकचे पाइप ४० ते ५० पीएसआय दाबावर सुखाने चालतात. रेग्युलेटर गाडीच्या बाजूला न लावता नळाच्या तोंडाशी लावायचा, म्हणजे मधली नळीही वाचते. ही नळी पिण्याच्या पाण्यासाठी म्हणून विकली जाते तीच घ्यावी; रंगाने ती पांढरी किंवा निळी असते. बागेची हिरवी नळी पाण्याला वास आणि चव देते. नळीच्या टोकाला बसणारा साधा फिल्टर गाळ आणि क्लोरीनची चव कमी करतो. त्याने पाणी निर्जंतुक होत नाही, एवढं लक्षात ठेवावं.

तिसऱ्या जोडाबद्दल आपल्याकडे कोणी मोकळेपणाने बोलत नाही, आणि नेमक्या त्यामुळेच पहिल्यांदा आरव्ही घेणारी कुटुंबं तिथे गांगरतात. गाडीखाली दोन टाक्या असतात: शौचालयाचा मैला जाणारी ‘ब्लॅक’ आणि आंघोळ-भांड्यांचं पाणी जाणारी ‘ग्रे’. कॅम्पग्राऊंडवर जोड मिळाला तरी ब्लॅक टाकीचा व्हॉल्व्ह बंदच ठेवायचा. तो उघडा राहिला तर पाणी वाहून जातं, घट्ट मैला तळाशी साचत जातो आणि शेवटी टाकी साफ करणं अवघड होऊन बसतं. टाकी दोन-तृतीयांश भरली की आधी ब्लॅक सोडायची, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुऊन निघते. इथे लागणारी सामग्री अशी: तीन इंची जाड नळी, तिला उतार देणारी घडीची जाळी, जोडावर बसणारं पारदर्शक कोपर आणि एकदा वापरून टाकायचे हातमोजे. पारदर्शक कोपर नुसतं शोभेचं वाटतं, पण आत वाहणारं पाणी स्वच्छ झालं की नाही, हे त्यातूनच कळतं. धुण्याची सवय असलेल्या आपल्या लोकांनी एक ध्यानात घ्यावं. भरपूर पाणी ब्लॅक टाकीला चांगलंच, पण टाकी असते तीसेक गॅलनची. सहा माणसांत ती अंदाजापेक्षा लवकर भरते, म्हणून तिचा आकडा रोज बघावा.

पाणी आणि सांडपाणी या दोन जोडांचं सामान कधीही एकत्र ठेवू नये. पिण्याच्या पाण्याची नळी, रेग्युलेटर, फिल्टर एका झाकणाच्या डब्यात. सांडपाण्याची नळी, हातमोजे आणि ती धुवायची वेगळ्या रंगाची नळी दुसऱ्या डब्यात, गाडीच्या दुसऱ्या बाजूच्या खणात. बाहेरच्या खणांची मांडणी करताना एवढा एक नियम पाळला, तर बाकीचं कसंही ठेवलेलं चालेल.

गाडी सपाट उभी करणं हा पुढचा मुद्दा, आणि तो नुसत्या झोपेच्या सोयीचा नाही. जुन्या आणि अजूनही पुष्कळ गाड्यांत फ्रिज असतो तो गॅसवर किंवा विजेवर चालणारा ‘ॲब्सॉर्प्शन’ जातीचा. बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी १९२२ साली तो शोधला. त्यात कॉम्प्रेसर नाही, फिरणारा एकही भाग नाही. अमोनियाचं द्रावण उष्णतेने वर चढतं आणि उताराने खाली येतं, एवढ्यावर सगळा खेळ. गाडी फार कललेली असली की द्रावण एका जागी अडकतं, खालची ज्योत ते तापवत राहते आणि फ्रिज कायमचा निकामी होऊ शकतो. म्हणून चाकाखाली रचायचे प्लास्टिकचे ठोकळे, चाकांना लावायच्या पाचरी आणि एक छोटी पाणसळ हे सामान प्रत्येक गाडीत असावं. नव्या गाड्यांत १२ व्होल्टचे कॉम्प्रेसर फ्रिज येऊ लागले आहेत, त्यांना थोड्या उताराचं वावडं नाही. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीपासून सोडवण्याआधी मात्र पाचरी लागल्याच पाहिजेत, मग जमीन कितीही सपाट दिसो.

आता आतलं घर. दुकानांत सर्वांत जास्त माल असतो तो इथल्यासाठी, आणि त्यातला निम्मा तरी मला अनावश्यक वाटतो. भिंतींकडेच बघा: बहुतेक गाड्यांची आतली भिंत म्हणजे चौकटीवर चिकटवलेली पातळ प्लायवूडची फळी. तिच्यात मारलेला स्क्रू चौकटीच्या लाकडात गेला नाही, तर चार दिवसांच्या हादऱ्यांत सुटून येतो. चिकटपट्टीचे हूक हलक्या वस्तूंना ठीक आहेत; ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात बंद गाडी तापली की तेही गळून पडतात. म्हणजे भिंतीवर टांगायच्या मांडण्या, लोखंडी रॅक, जड आरसे यांचा मोह टाळलेला बरा. टांगायचंच असेल तर दाराच्या मागे कापडी कप्प्यांची पट्टी टांगावी. चपला-बुटांसाठी म्हणून ती विकतात, पण टॉर्च, औषधं, चार्जर, टोप्या असं सगळं तिच्यात मावतं आणि एका नजरेत दिसतं.

जड वस्तू खाली आणि चाकांच्या जवळ, हलक्या वर. पिठाची पिशवी, तेल, डाळी खालच्या कपाटात किंवा बिछान्याखाली. वरच्या कपाटांत पाव, कागदी रुमाल, कपडे. वळणावर वरचं दार उघडलं, तर डोक्यावर मऊ काही पडलेलं परवडतं. लहान मुलांच्या घरात कपाटांना लावतात ते चाप इथे चांगले उपयोगी पडतात. फ्रिजमध्ये आडवे अडकवायचे स्प्रिंगचे दांडे घ्यावेत, नाहीतर मुक्कामी पोचून दार उघडताच दही पायावर येतं. कप्प्यांत रबरी जाळीचं अस्तर घातलं की भांडी सरकत नाहीत.

स्वयंपाकघरात आपल्या लोकांची बाजू भक्कम आहे, असं मला मनापासून वाटतं. आरव्हीवाल्यांसाठी एकात एक बसणारी महागडी भांडी मिळतात, पण आपले एकात एक बसणारे स्टीलचे डबे आणि कुकरमधली भांडी तेच काम करतात आणि फुटत नाहीत. खडखडाट मात्र होतो. मधे एकेक फडकं घातलं की थांबतो. कुकर तर इथलं सर्वांत शहाणं भांडं. गॅस कमी, पाणी कमी, आणि एकाच आचेवर भात, वरण, बटाटे. मसाल्याचा डबा नेताना झाकण घट्ट बसतं का, हे आधी बघावं. हळद गाडीच्या फिक्या गालिच्यावर सांडली तर भाड्याची अनामत परत मिळणं कठीण. फोडणी मात्र बाहेर. छताचा पंखा कितीही चांगला असला तरी त्या इवल्या जागेत मोहरी-हिंगाचा धूर गाद्यांत आणि पडद्यांत दिवसेंदिवस राहतो. एका बर्नरचा गॅसस्टोव्ह आणि घडीचं टेबल घेतलं की हा प्रश्न सुटतो, आणि स्वयंपाक करणारा माणूस आत कोंडला जात नाही.

बाहेर स्वयंपाक केला तर रात्री सगळं आत. यलोस्टोन, योसेमिटी अशा अस्वलांच्या प्रदेशात अन्न, कूलर, एवढंच काय टूथपेस्टसुद्धा उघड्यावर ठेवायला मनाई आहे. योसेमिटीत त्यासाठी लोखंडी पेट्या बसवलेल्या आहेत. यलोस्टोनमध्ये पूर्ण हुकअप असलेलं फिशिंग ब्रिज हे एकच कॅम्पग्राऊंड, आणि तिथे टणक भिंतींच्याच गाड्या घेतात. कापडी बाजूंचा ट्रेलर चालत नाही. बाहेर मांडायच्या स्वयंपाकघराचे मोठे संच दुकानात फार आकर्षक दिसतात. रोज संध्याकाळी ते मांडून रोज रात्री आवरावं लागेल, हे धरून मग काय ते ठरवावं.

कपड्यांसाठी मऊ पिशव्या. भारतातून आलेल्या तेवीस किलोच्या टणक बॅगा आरव्हीच्या कुठल्याच खणात जात नाहीत; त्या घरीच ठेवाव्यात आणि प्रत्येकाला एक कापडी पिशवी द्यावी. कपडे धुण्याची एक युक्ती लेखक जॉन स्टाइनबेकने १९६० साली केली होती. ट्रकवर बसवलेल्या ‘रोसिनान्टे’ या छोट्या घरातून अमेरिका फिरताना त्याने झाकणाची प्लास्टिकची बादली रबरी दोरीने टांगली, आत गरम पाणी, साबण आणि कपडे घातले. दिवसभर रस्त्याच्या हादऱ्यांनी ते धुऊन निघत. ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’त त्याने हे लिहिलं आहे; तो ट्रक आज कॅलिफोर्नियातल्या सलिनास गावी त्याच्या नावाच्या केंद्रात जपून ठेवला आहे. बॅटरी न खाणारं आणि घडी न घालता वापरता येणारं याच्याइतकं गुणी साधन मला तरी दुसरं माहीत नाही.

वीज-पाण्याच्या जोडाशिवाय राहायचं असेल, ज्याला ‘बूनडॉकिंग’ म्हणतात, तर यादी बदलते. पश्चिमेकडच्या राज्यांत बीएलएम (ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट) या खात्याच्या सरकारी जमिनीवर पुष्कळ ठिकाणी चौदा दिवसांपर्यंत फुकट मुक्काम करता येतो. ॲरिझोनातलं क्वार्ट्झसाइट हिवाळ्यात अशा गाड्यांनी भरून जातं. तिथे बॅटरी महत्त्वाची. शंभर अँपिअर-तासांची शिसं-आम्लाची बॅटरी २७ किलोंच्या आसपास भरते आणि तिची निम्मीच शक्ती वापरावी लागते. त्याच आकड्याची लिथियम बॅटरी निम्म्याहून कमी वजनाची असते आणि जवळजवळ सगळी वापरता येते. पैसे जास्त, पण इथे वाचलेलं वजन पाण्याला देता येतं. थंडीत जाणाऱ्यांनी एक बघावं: शून्य अंशाच्या खाली लिथियम बॅटरी चार्ज करता येत नाही, चांगल्या बॅटऱ्या स्वतःच चार्जिंग थांबवतात. जनरेटर मी शेवटचा पर्याय मानतो. त्याचा आवाज शेजाऱ्यांना, त्याच्या पेट्रोलचा वास आपल्या सामानाला, आणि त्याचा धूर खिडकीतून आत आला तर जिवाला. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे का, त्यावर छापलेली मुदत संपली आहे का, हे निघण्याआधी बघावं. गॅसचा अलार्म जमिनीलगत का बसवलेला असतो, तर प्रोपेन हवेपेक्षा जड असतो आणि आधी खाली साचतो. त्याच्यासमोर चपलांचा डबा ठेवू नये.

जळाऊ लाकडं घरून नेऊ नयेत. झाडं पोखरणारे किडे लाकडांबरोबर एका राज्यातून दुसऱ्यात जातात, म्हणून पुष्कळ ठिकाणी त्याला बंदी आहे. पोचल्यावर तिथलीच विकत घ्यावीत. एक अख्खा खण रिकामा होतो.

भाड्याने गाडी घेणाऱ्यांनी वरच्यापैकी फारसं काही विकत घ्यायची गरज नाही. नळ्या, ठोकळे बहुतेक गाडीबरोबरच येतात. भांडी आणि अंथरुणांचे संच जास्तीचे पैसे देऊन मिळतात. ताबा घेताना प्रत्येक वस्तू उघडून दाखवायला सांगावी आणि फोनवर त्याचं चित्रण करून ठेवावं. रेग्युलेटर आहे का, सांडपाण्याच्या नळीला भोक नाही ना, सीटबेल्टच्या सीटा किती, हे आवर्जून विचारावं, कारण बिछाने सात जणांचे असले तरी पट्टे तितके असतीलच असं नाही. ईएमएस सहसा नसतो. दूरवर जुन्या कॅम्पग्राऊंडवर राहायचं असेल तर तो मागून घ्यावा. आणि गाडीची उंची विचारून, फूट-इंचांत, मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून चालकासमोर चिकटवावी. पेट्रोलपंपाचं छप्पर आणि जुने पूल यांच्याखाली शिरण्याआधी तो कागद डोळ्यांपुढे हवा. सवय कारची असते, आणि कार चालवताना डोक्यावर काय आहे हे बघायची वेळ कधी आलेली नसते.